हातमोजे घालून टचस्क्रीनचा वापर

दुचाकी चालवताना घालायचे जाड हातमोजे न काढता मोबाइलच्या किंवा गाडीवरील टचस्क्रीनवर बोट चालवणे, तसेच ते जमावे म्हणून हातमोज्यांत व पटलांत केलेले फेरफार, असा दुहेरी अर्थ येथे अभिप्रेत आहे. कोल्हापूर परिसरात या अडचणीला ‘स्क्रीन बोट घेईना’ एवढेच म्हणतात. ‘स्पर्शपटल’ हा पर्यायी शब्द छापील मजकुरात आढळतो, बोलण्यात नाही. म्हणून या नोंदीत ‘टचस्क्रीन’ हाच शब्द ठेवला असून थोडक्यात सांगताना नुसते ‘पटल’ म्हटले आहे. ‘हातमोजा’ शब्दातील ‘मोजा’ फार्सीतून आला असून तेथे त्याचा अर्थ बूट असा होतो, म्हणजे शब्द पायाचा आणि वापर हाताचा. ‘दस्ताना’ हा दुसरा फार्सी शब्द मराठीत मुख्यत्वे हाताच्या चिलखतापुरता उरला. आजच्या दुचाकीस्वाराचा बोटांच्या सांध्यांवर कडक कवच असलेला हातमोजा पाहता तोच शब्द अधिक शोभला असता.

पूर्वपीठिका : पहिली टचस्क्रीन कोणाची, याविषयी एकमत नाही. ब्रिटनमधील मॉल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये काम करणारे ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये एका छोट्या लेखात बोटाने चालणाऱ्या पटलाचे वर्णन केले व १९६७ मध्ये ते विस्ताराने मांडले. हवाई वाहतूक नियंत्रण हा त्यामागचा हेतू होता. अमेरिकेत केंटकी विद्यापीठातील सॅम हर्स्ट यांनी १९७१ च्या सुमारास ‘एलोग्राफ’ हे उपकरण तयार केले. अनेक लोकप्रिय लेखांत आद्य संशोधक म्हणून त्यांचेच नाव येते. पण त्यांचे पहिले उपकरण पारदर्शक नव्हते, त्यामुळे त्यास पटल म्हणावे का, हा प्रश्न राहतो. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतील बेंट स्टुम्प यांनी मार्च १९७२ मधील हस्तलिखित टिपणात विद्युत् धारणेवर, म्हणजे विद्युत् भार साठवण्याच्या क्षमतेवर, चालणारे पटल सुचवले आणि १९७६ मध्ये सुरू झालेल्या तेथील मोठ्या प्रोटॉन त्वरकाच्या (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या) नियंत्रण कक्षात अशी पटले बसली. कालक्रम पाहता अग्रमान जॉन्सन यांच्याकडे जातो, असे मानणे सयुक्तिक दिसते.

हा वाद केवळ मानाचा नाही. जॉन्सन व स्टुम्प यांची परंपरा बोटाच्या विद्युत् गुणावर चालते, हर्स्ट यांची परंपरा दाबावर. हर्स्ट यांच्या वाटेने आलेल्या रोधी पटलात दोन वाहक थर अगदी थोड्या अंतरावर असतात. दाबले की ते एकमेकांना टेकतात. दाबणारे बोट उघडे आहे, हातमोज्यात आहे की ते पेनचे टोपण आहे, याची त्या पटलाला पर्वा नसते. १९९४ मधील आयबीएम सायमन हा फोन याच जातीचा होता. जॉन्सन यांच्या वाटेवरची पटले मोबाइलमध्ये सर्वत्र पसरली ती २००७ नंतर. त्या वर्षी एलजी प्राडा आणि आयफोन हे धारणेवर चालणारे पटल असलेले फोन बाजारात आले. हातमोज्यांची अडचण खऱ्या अर्थाने तेव्हापासूनची आहे.

क्रियापद्धती : धारणेवर चालणाऱ्या पटलात काचेखाली इंडियम टिन ऑक्साइडच्या पारदर्शक, उभ्या-आडव्या पट्ट्यांची जाळी असते. प्रत्येक छेदस्थानी अल्पशी विद्युत् धारणा असते. बोट जवळ आले की विद्युत् क्षेत्राचा काही भाग शरीराकडे वळतो, तेथील धारणा किंचित बदलते आणि नियंत्रक चिप हा बदल मोजते. हे बदल एक पिकोफॅराडच्याही (धारणा मोजण्याचे अतिसूक्ष्म एकक) आतले असतात. बोटाच्या उष्णतेने पटल चालते, ही समजूत बरीच पसरलेली असली तरी चूक आहे. हातात धरलेल्या केळ्यानेही स्क्रीन चालते. २०१० च्या हिवाळ्यात दक्षिण कोरियात लोक हातमोजे न काढता सॉसेजने फोन वापरत असल्याची वृत्ते आली होती. ती सॉसेजे गरम असण्याची गरज नव्हती.

हातमोजा आड आला की नेमके किती बिघडते, याचा अंदाज सपाट पट्ट्यांच्या सोप्या सूत्राने बांधता येतो. धारणा ही क्षेत्रफळ आणि मधल्या पदार्थाचा विद्युत् अपारक स्थिरांक (तो पदार्थ धारणा हवेच्या किती पट करतो तो आकडा) यांच्या सम प्रमाणात व अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते. काच अर्धा मिलिमीटर जाड व तिचा स्थिरांक ७ धरला, तर विद्युत् दृष्ट्या ती ०.०७ मिलिमीटर हवेइतकीच ठरते. त्यावर एक मिलिमीटर कोरडे चामडे ठेवून त्याचा स्थिरांक २.५ धरला, तर त्यात आणखी ०.४ मिलिमीटर हवेची भर पडते. म्हणजे बोट व पट्टी यांतील धारणा साधारण साडेसहा पटींनी घटते. प्रत्यक्षात क्षेत्र कडांना पसरते, चामडे ओलसर असते, बोटाचे टोक गोल असते, त्यामुळे आकडा बदलेल. पण जोराने दाबून उपयोग का होत नाही, हे यावरून कळते. जोर लावल्याने चामडे थोडे चेपते, इतकेच.

वाहक हातमोजे : साधारण २०१० च्या आसपास तर्जनी व अंगठ्याच्या टोकाशी वाहक धागा विणलेले हातमोजे बाजारात दिसू लागले. धागा बहुधा चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनचा किंवा बारीक पोलादी तंतूंचा असतो. चामड्यावर वाहक लेप देण्याचीही रीत आहे. हा धागा आतून त्वचेला भिडलाच पाहिजे, असे एक मत आहे. बाहेरचा वाहक तुकडा पुरेसा मोठा असला तर न भिडताही चालते, असे दुसरे. वरचेच सूत्र वापरले तर एक चौरस सेंटिमीटरचा तुकडा एक मिलिमीटर चामड्याआडून बोटाशी सुमारे २.२ पिकोफॅराडने जोडला जातो. मोजायच्या बदलाच्या तुलनेत हे थोडके नाही. म्हणून दुसरे मत तत्त्वतः टिकते, परंतु व्यवहारात पहिल्या पद्धतीचा हातमोजा अधिक भरवशाचा ठरतो. स्पर्शाचा ठसा फार लहान असला तर पटल तो विद्युत् गोंगाट, म्हणजे भलताच निरर्थक संकेत, समजून सोडून देते. त्यामुळे सुईने घातलेले दोन-चार टाके पुरत नाहीत. पाच-सहा मिलिमीटर रुंदीचा ठसा लागतो.

घरी जरीचा धागा ओवून पाहणारेही असतात. अस्सल जरीत चांदी असते. पण बाजारात मिळणारी चमकदार जर बहुधा प्लॅस्टिकच्या फितीवर धातूचा थर आणि त्यावर लाखेसारखा लेप अशी असते. लेप विद्युत् वाहून नेत नाही, तेव्हा प्रयोग फसतो. हुपरी चांदीकामासाठी आणि इचलकरंजी यंत्रमागांसाठी प्रसिद्ध, दोन्ही गावे एकाच तालुक्यातली. चांदीचा वाहक धागा मात्र या दोन धंद्यांच्या मधला तिसराच विषय आहे.

चामड्याबाबतही तसेच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे चामडे बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले, जाड व ताठ असते. हातमोज्याला लागते ते मऊ, पातळ, बहुधा क्रोमने कमावलेले शेळी-मेंढीचे चामडे. भारतात चामडी हातमोज्यांचे मोठे केंद्र कोलकाता आहे.

पटलातील उपाय : दुसरी वाट पटलाची संवेदनक्षमता वाढवण्याची. २०१२ मधील नोकिया लुमिया ९२० व २०१३ मधील सॅमसंग गॅलेक्सी एस४ या फोनांत ही सोय होती. पुढे ती अनेक फोनांत ‘ग्लोव्ह मोड’ या नावाने आली. यात चिप अधिक काळ मोजणी करते व स्पर्श मानण्याची मर्यादा खाली आणते. परिणामी चार्जरचा विद्युत् गोंगाट आणि पाण्याचे थेंबही स्पर्श म्हणून नोंदले जाण्याचा संभव वाढतो.

कोल्हापुरातील स्थिती : शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत तसेच उद्यमनगरात यंत्रांवरील नियंत्रण पटले दीर्घकाळ रोधी जातीची राहिली आहेत, कारण कामगाराच्या हातात मोजे असणार हे तेथे गृहीतच असते. दिवसभर हातमोज्यानिशी यंत्राची स्क्रीन चालवणाऱ्याला पाळी सुटल्यावर फाटकाबाहेर मोबाइल दाद देत नाही, तेव्हा तो मोबाइललाच नावे ठेवतो. दोन्ही पटले दिसायला सारखी असल्याने हा गैरसमज स्वाभाविक आहे.

शहरातल्या शहरात हातमोजे घालणारे थोडेच. पन्हाळ्याची पहाटेची फेरी, पुणे-बंगळूर महामार्ग आणि कोकणात उतरणारे घाट येथे त्यांचा वापर दिसतो. गगनबावडा ओलांडून करूळ किंवा भुईबावडा घाटाने उतरताना पावसाळ्यात अडचण दुप्पट होते. हँडलवरील होल्डरमध्ये जलरोधक पाकिटात ठेवलेल्या फोनवर आधी पाकिटाची पातळ फीत आणि त्याखाली हवेची पोकळी असते. हवेचा स्थिरांक जेमतेम १, म्हणून अर्ध्या मिलिमीटरची पोकळी वरच्या उदाहरणातील एक मिलिमीटर चामड्यापेक्षाही जास्त अडथळा करते. पाकिटाशिवाय ठेवावा तर पाऊसच बोट बनून स्क्रीनवर फिरतो. भिजलेले चामडे थोडेफार वाहक होते, त्यामुळे एरवी न चालणारा हातमोजा चिंब झाल्यावर अधूनमधून चालतो. याला उपाय मानू नये.

कायदा व सुरक्षितता : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८४ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, वाहन चालवताना हातातील संपर्क साधन वापरणे धोकादायक चालवण्यात मोडते, पहिल्या गुन्ह्यास दंड १,००० ते ५,००० रुपये आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू नियमांनुसार चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने केवळ रस्ता पाहण्यासाठी असे साधन वापरता येते. हेल्मेट सक्तीचे आहे, हातमोजे नाहीत. दुचाकीच्या हातमोज्यांसाठीचे ईएन १३५९४ हे युरोपीय मानक तळव्याच्या चामड्याने घर्षण किमान किती वेळ सोसावे ते ठरवते. पहिल्या पातळीस ४ सेकंद, दुसरीस ८. तर्जनीचे टोक कापून बोट उघडे ठेवण्याची युक्ती काहीजण करतात. पडल्यावर त्या बोटापुरता हातमोजा नसल्यातच जमा असतो.

उजवा हात थ्रॉटलवर असल्याने चालत्या गाडीवर मोकळा होतो तो डावा, आणि सवयीने स्क्रीनवर जाणारे बोट मात्र उजवे. डाव्या तर्जनीवरचा वाहक थर रोज क्लचच्या दांड्यावर, स्कूटरवर ब्रेकच्या दांड्यावर, घासतो. त्यामुळे हातमोज्याच्या बाकीच्या बोटांआधी तोच झिजून जातो.