भेकाचा चीक आणि हृदयातला पंप

न्यूयॉर्क, १९९३ ते १९९५. एरवी ठणठणीत असलेले काही पुरुष उलट्या करत, नाडीचा ताल बिघडलेल्या अवस्थेत इस्पितळात पोचत होते. रक्ताच्या अहवालात डिगॉक्सिन दिसायचं. डिगॉक्सिन हे हृदयरोग्यांचं औषध, आणि यांच्यापैकी कुणालाच ते चालू नव्हतं. त्यांनी घेतला होता तो दुकानात ‘स्टोन’, ‘लव्ह स्टोन’ अशा नावांनी मिळणारा एक कडक, काळपट खडा. कामोत्तेजक म्हणून तो कातडीवर लावायचा असतो, यांनी गिळला. पहिले चौघे दगावले.

तो खडा म्हणजे चिनी वैद्यकातल्या ‘चान सू’चाच प्रकार, बेडकाच्या जातकुळीतल्या भेकाच्या कातडीतला सुकवलेला चीक. रक्तात डिगॉक्सिन नव्हतंच, तपासणी फसली होती. पण अगदी उगाच नाही. तपासणीतली प्रतिपिंडं, म्हणजे ठरावीक रेणूला चिकटणारी प्रथिनं, रेणूचा आकार चाचपून पाहतात, आणि चिकातली ‘बुफाडायनोलाइड’ द्रव्यं आकारानं डिगॉक्सिनची चुलत भावंडं आहेत. मग डॉक्टरांनी याच चुकीचा फायदा घेतला. डिगॉक्सिन जास्त झालं तर उतारा म्हणून मेंढ्यांच्या रक्तापासून केलेल्या प्रतिपिंडांचं इंजेक्शन देतात. पुढच्या दोघांना ते दिलं आणि ते वाचले.

भेक आपल्या ओळखीचा आहे. खडबडीत अंगाचा, पावसाळ्यात अंगणातल्या दिव्याखाली किडे टिपत बसणारा, लांब उडीपेक्षा छोट्या टुणक्या मारत जाणारा. आपण त्यालाही बेडूकच म्हणतो. त्याच्या डोळ्यांमागे दोन फुगीर गाठी असतात. त्या दाबल्या गेल्या की बारीक छिद्रांतून दुधाळ, चिकट चीक पाझरतो. भेक विष टोचत नाही. त्याला तोंडात धरणाऱ्यालाच त्याचा प्रसाद मिळतो. आमच्या गल्लीतल्या एका कुत्र्यानं तो घेतला होता. क्षणात त्यानं भेक थुंकून टाकला आणि मग कुत्रा कितीतरी वेळ फेस गाळत, डोकं झटकत फिरत राहिला. (पाळीव कुत्र्याचं असं झालं तर पाणी घशात जाणार नाही अशा बेतानं, मान खाली करून तोंड धुवावं आणि थेट पशुवैद्य गाठावा.)

या चिकात ॲड्रेनलिनही असतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन एबल या औषधशास्त्रज्ञानं दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या भेकाची गाठ कापली तेव्हा चीक लागून पोलादी सुरीवर निळसर हिरवा डाग उठला. असाच डाग त्यानं पूर्वी ॲड्रेनल ग्रंथींवर काम करताना पाहिला होता. त्या धाग्यावरून तो आणि डेव्हिड माख्ट यांनी चिकातून ॲड्रेनलिन वेगळं काढलं, आणि सोबत हृदयावर काम करणारं, बुफाडायनोलाइड गटातलं दुसरं द्रव्यही. मात्र गिळलेलं ॲड्रेनलिन आतडी आणि यकृत बरंचसं निकामी करतात. जीव घेतं ते दुसरं.

ते कसं, हे समजायला पेशीच्या आवरणातला एक पंप पाहावा लागेल. तो दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्काउनं तो १९५७ मध्ये ओळखला आणि त्यासाठी त्याला १९९७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. बुफाडायनोलाइड या पंपात बूच मारल्यासारखं बसतं. सोडियम आत साचतं. त्यामुळे सोडियमच्या मोबदल्यात कॅल्शियम बाहेर काढणारी दुसरी यंत्रणा मंदावते. कॅल्शियम वाढलं की हृदयाचा स्नायू जोरानं आवळतो. इथपर्यंत हे औषध आहे. मात्रा थोडी चढली की तेच कॅल्शियम भलत्या वेळी ठोके पाडू लागतं. शिवाय हृदयाची गती मंदावणारा व्हेगस मज्जातंतू चाळवतो, वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विजेचा संदेश अडखळतो आणि पेशींत न शिरलेलं पोटॅशियम रक्तात साठतं. नाडी मंद, आणि त्यातच अवेळी ठोके! आपल्याकडची कण्हेर आणि पिवळी बिट्टीही नेमकी याच पंपावर घाव घालतात. चीक उकळून बाद होत नाही, म्हणून भेक शिजवून खाल्ल्यानंही लाओस, तैवानमध्ये विषबाधा झाल्या आहेत.

खुद्द भेकाला काही का होत नाही? त्याच्या पंपातली मोजकी अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) बदललेली आहेत, त्यामुळे बूच नीट बसत नाही. भेकांच्या सोबतीनं वाढलेल्या आशिया-आफ्रिकेतल्या घोरपडींमध्येही असेच बदल सापडतात. ऑस्ट्रेलियातल्या घोरपडींमध्ये नाहीत. तिथे १९३५ मध्ये उसावरच्या किडीसाठी भेक आणून सोडले आणि ते खाऊन घोरपडी मरू लागल्या.

रक्तवाहिन्यांच्या भिंतींतल्या स्नायूंतही हाच पंप असतो. तो अडला की तिथेही कॅल्शियम वाढतं, वाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. मला यातला सगळ्यात चक्रावून टाकणारा भाग पुढचा वाटतो. भेकाच्या चिकातलं ‘मॅरिनोब्युफॅजेनिन’ हे द्रव्य माणसाच्या रक्तात आणि लघवीतही अत्यल्प प्रमाणात सापडतं. शरीरात मीठ-पाणी साचलं की ते वाढतं. मूत्रपिंडातले पंप अडवून ते जादा सोडियम लघवीवाटे घालवायला मदत करतं, पण जाता जाता वाहिन्याही आवळतं. गरोदरपणात रक्तदाब धोकादायक चढतो त्या प्रीएक्लॅम्प्सियामध्येही त्याचं प्रमाण वाढलेलं दिसतं. म्हणून न्यूयॉर्कमधल्या दोघांना वाचवणारी तीच मेंढीची प्रतिपिंडं अशा गरोदर बायकांना देऊन पाहिली गेली. मूत्रपिंडाचं काम थोडं सावरलं. रक्तदाबाच्या गोळ्यांची गरज मात्र कमी झाली नाही.