सहाच्या पुढचं अधिक चिन्ह

६, ६, ६, ६+, ७, ९+, १०, १०+, ११+, १३, १६, १७+, १९+, २०+, २२, २३, २५+, ३२+, ३२+, ३४+, ३५+.

जगभरच्या संख्याशास्त्राच्या वर्गांत ही यादी इतक्या वेळा फळ्यावर लिहिली गेली आहे की शिकवणाऱ्यांना ती पाठ झालेली असते. हे आकडे आठवड्यांचे आहेत आणि त्यातल्या प्रत्येकामागे तीव्र ल्युकेमिया झालेला, विशीच्या आतला एकेक रुग्ण आहे. १९६३ साली अमेरिकेतल्या अकरा रुग्णालयांनी मिळून केलेला हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या काळी स्टेरॉइड देऊन आजार काही दिवस मागे रेटता यायचा, पण तो परत उलटायचा. मग आजार दबलेला असतानाच ६-मर्कॅप्टोप्युरीन हे औषध चालू ठेवलं, तर उलटणं लांबेल का? रुग्णांच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीत कोणाला औषध आणि कोणाला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं नशिबावर सोडलं. वरची यादी औषध मिळालेल्या २१ जणांची आहे. नुसत्या गोळीवरच्या २१ जणांची यादी अशी: १, १, २, २, ३, ४, ४, ५, ५, ८, ८, ८, ८, ११, ११, १२, १२, १५, १७, २२, २३.

दुसऱ्या यादीत अधिक चिन्ह एकही नाही. पहिलीत १२ आहेत.

‘६’ म्हणजे सहाव्या आठवड्यात आजार उलटला. ‘६+’ म्हणजे सहा आठवड्यांपर्यंत तरी उलटला नव्हता, पुढचं माहीत नाही. कोणी अभ्यासात उशिरा आलं आणि तोवर अभ्यासच थांबला, कोणी मधेच निघून गेलं. संख्याशास्त्रात अशा नोंदीला सेन्सॉर्ड म्हणतात. शब्द जरा फसवा आहे, कारण इथे कोणी काही दडवलेलं नाही. गोष्ट संपण्याआधी पाहणारा उठून गेला, एवढंच.

आता साधा प्रश्न: आजार सरासरी किती आठवडे दबून राहिला? नुसत्या गोळीच्या गटात उत्तर सरळ आहे, जवळपास ८.७ आठवडे. औषधाच्या गटात काय करायचं? अर्धवट नोंदी गाळून टाकल्या तर नऊ आकडे उरतात आणि सरासरी येते १२. पण गाळले कोण? ज्यांचा आजार सर्वांत जास्त काळ दबून राहिला, तेच. ३५ आठवडे ठणठणीत असलेल्या रुग्णाला ‘माहिती अपुरी’ म्हणून बाहेर काढायचं आणि सहाव्या आठवड्यात उलटलेल्याला आत ठेवायचं, म्हणजे औषधाचं यश त्याच्याच खात्यातून वजा करणं. बरं, अधिक चिन्ह पुसून त्यांनाही त्याच आठवड्यात उलटलं असं धरलं, तर सरासरी १७ येते. हेही खोटंच, फक्त जरा कमी. खरा आकडा १७ च्या वरच असणार, एवढं नक्की. किती वर?

या प्रश्नाचं आज सर्वत्र वापरलं जाणारं उत्तर १९५८ साली आलं, आणि ते येण्याची गोष्ट गमतीची आहे. संख्याशास्त्रज्ञ पॉल मायर कर्करोगाच्या रुग्णांच्या आकडेवारीवर काम करत होते. एडवर्ड कॅप्लान बेल लॅब्ज या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत होते, आणि त्यांच्यापुढे समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती काळ टिकतात हा प्रश्न होता. दोघांनी स्वतंत्रपणे जवळपास तीच युक्ती शोधली आणि लेख एकाच नियतकालिकाकडे पाठवले. संपादकांनी दोघांना एकत्र लिहायला सांगितलं. त्यात चार वर्षं गेली, आणि या काळात तिसराच कोणी आधी छापून मोकळा होईल ही दोघांना धास्ती. तसं झालं नाही. विज्ञानात सर्वाधिक उल्लेख झालेल्या लेखांत आज तो मोडतो. माणूस आणि ट्यूब या दोघांना एकच गणित लागू पडतं याचं मला अजूनही नवल वाटतं, पण गणिताला ‘आजार उलटला’ आणि ‘ट्यूब जळाली’ यात फरक दिसत नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच: ‘ते’ अजून घडलं की नाही?

युक्ती कागदावर हाताने करून पाहण्यासारखी आहे, दहा मिनिटं पुरतात. सगळ्या काळाचा एकदम विचार करायचाच नाही. जिना उतरल्यासारखं एकेका पायरीवर थांबायचं आणि विचारायचं: या क्षणी रांगेत किती जण उभे होते, आणि त्यांतल्या किती जणांचा आजार उलटला?

सहाव्या आठवड्यात रांगेत २१ जण, तिघांचा उलटला. वाचले २१ पैकी १८, म्हणजे ०.८५७. आता ‘६+’ वाला रुग्ण रांगेतून शांतपणे बाजूला होतो. सहाव्या आठवड्याच्या हिशेबात तो होता, सातव्यात नाही. सातव्या आठवड्यात रांगेत १७ उरले, एकाचा उलटला. १७ पैकी १६. आधीच्या ०.८५७ ला याने गुणायचं: ०.८०७. मग ‘९+’ बाजूला. दहाव्या आठवड्यात १५ पैकी १४, गुणाकार ०.७५३. असंच तेरा, सोळा, बावीस करत तेविसाव्या आठवड्यात सहा जणांपैकी एक, आणि आकडा ०.४४८ वर येतो. निम्म्याच्या खाली पहिल्यांदा इथेच गेलो. म्हणून मध्यक २३ आठवडे. नुसत्या गोळीच्या गटाचा मध्यक आठ.

अर्धवट नोंदीचा इथे अपमानही होत नाही आणि लाडही होत नाहीत. जितकं तिने पाहिलं तितकीच तिची साक्ष घ्यायची. ‘१७+’ सांगतो की सोळा आठवड्यांपर्यंतच्या प्रत्येक पायरीवर मी उभा होतो, आणि प्रत्येक पायरीच्या छेदात त्याची मोजदाद होते.

एक अट मात्र आहे, आणि गणित ती तपासून देत नाही. रांगेतून निघून गेलेले लोक उरलेल्यांसारखेच असले पाहिजेत. अभ्यास संपला म्हणून कोणी सुटलं तर हरकत नाही. पण तब्येत ढासळली म्हणून लोक यायचे बंद झाले असतील, तर रांगेत धडधाकट तेवढे उरतात आणि जिना उगाचच उंच दिसतो. ‘फॉलो-अप तुटला’ असं नुसतं लिहिलेलं आढळलं की का तुटला हे आधी विचारावं. सॉफ्टवेअर ते विचारत नाही.

दोन्ही गटांचे जिने शेजारी ठेवले की फरक दिसतो, पण रुग्णांचं वय वेगळं, आजाराची अवस्था वेगळी, अशा दहा गोष्टी एकदम लक्षात घ्यायच्या असतील तर? १९७२ साली ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड कॉक्स यांनी यासाठी जे मॉडेल मांडलं, ते दाखवायला त्यांनी हेच बेचाळीस आकडे वापरले. मूळ धोका काळानुसार कसा वरखाली होतो याचं सूत्र त्यांनी शोधलंच नाही. एखाद्या आठवड्यात आजार उलटला, तर तेव्हा रांगेत उभ्या असलेल्यांपैकी नेमका याचाच नंबर लागण्याची शक्यता किती होती, एवढंच विचारायचं. मूळ धोका सगळ्यांनाच सारखा असल्याने तो वर-खाली छाटला जातो. उरतं ते गुणोत्तर, हॅझर्ड रेशो: एका गटाचा धोका दुसऱ्याच्या किती पट. इथे ते ढोबळपणेही काढता येतं: औषधाच्या गटाने मिळून ३५९ आठवडे काढले आणि ९ वेळा आजार उलटला, दुसऱ्या गटाने १८२ आठवड्यांत २१ वेळा. म्हणजे नुसत्या गोळीवर धोका साडेचार पटीहून जास्त. अर्थात हे एकच गुणोत्तर सगळ्या काळाला लागू आहे असं धरलेलं असतं. कर्करोगावरच्या इम्युनोथेरपीत, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कामाला लावणाऱ्या उपचारांत, दोन्ही गटांच्या रेषा अनेकदा पहिले काही महिने चिकटून चालतात आणि मग फाकतात. तिथे एकच आकडा सांगणं म्हणजे घाटरस्ता आणि हमरस्ता मिळून गाडीचा सरासरी वेग सांगणं.

रांगेत कोण आणि कधीपासून, हे चुकलं की मोठमोठे फसतात. २००१ साली एका अभ्यासाने सांगितलं की ऑस्कर मिळालेले कलाकार न मिळालेल्यांपेक्षा जवळपास चार वर्षं जास्त जगतात. बातमी गाजली. पण साठाव्या वर्षी ऑस्कर घ्यायचं तर साठपर्यंत जगावं लागतं! चाळिशीत गेलेल्याला ती संधीच नव्हती, आणि विजेत्याची ती साठ वर्षं बक्षिसाच्या खात्यात फुकट जमा झाली होती. २००६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी, बक्षीस मिळेपर्यंतचा काळ ‘न मिळालेल्यां’च्या रांगेत मोजून, तोच हिशेब पुन्हा केला. चार वर्षांचा फायदा एकाच्या आसपास आला, आणि तोही योगायोगाने दिसू शकेल इतका अंधुक.

पुन्हा त्या एकवीस जणांकडे. आलेख काढला तर तेविसाव्या आठवड्यानंतर रेषा पार पस्तीसपर्यंत सपाट धावते. बघणाऱ्याला वाटतं, इथवर आलेले सुटले. पण आलेखाखाली बारीक अक्षरात रांगेतल्या लोकांची संख्या छापलेली असते, ती वाचावी. त्या सपाट रेषेच्या सुरुवातीला पाच जण आहेत, तेहतिसाव्या आठवड्यात दोन, आणि पस्तिसाव्यात एक.