गेजवरचा आकडा म्हणजे रेशो नव्हे

"हेड फेसिंग केलं, बोअर मारला, गेज लावला तर 13 आले. म्हणजे रेशो 13 झाला!" वाळूजपासून नांदेडपर्यंत हे वाक्य ऐकून कान किटले आहेत. (हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, फेसिंग म्हणजे ते खालून घासून सपाट करणं, बोअर मारणं म्हणजे सिलिंडर रुंद करणं आणि रेशो म्हणजे कॉम्प्रेशन रेशो.)

कॉम्प्रेशन गेज तुम्हाला ठाऊकच आहे: प्लग काढायचे, प्लगच्या जागी गेज लावायचा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून स्टार्टर मारायचा. येणारा आकडा दाबाचा, किलो प्रति चौरस सेंटिमीटर. रेशोला मात्र एककच नाही. पिस्टन खाली असताना वर जेवढी जागा असते, ती पिस्टन वर आल्यावर कितव्या हिश्शावर येते, एवढंच तो सांगतो. इंजिन बंद असलं तरी तो तोच राहतो.

मग दोन्ही आकडे जुळत का नाहीत? हवा दाबली की तापते, म्हणून दाब रेशोपेक्षा जास्त चढतो. 8.7 रेशोचं धडधाकट इंजिन सहज 12-13 किलो दाखवतं. उलट इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारी झडप, पिस्टन वर निघाल्यावरही काही काळ उघडा असतो, थोडी हवा परत जाते. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलून तो व्हॉल्व्ह आणखी उशिरा बंद होऊ लागला, की रेशो तोच राहून गेज खाली येतो. बॅटरी मंद असली तरी खाली येतो. संभाजीनगर साधारण 570 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तेच इंजिन मुंबईत जास्त दाखवेल. या गोंधळाचा सगळ्यात वाईट परिणाम म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजलेलं इंजिन 9 किलो दाखवतं आणि मालक "रेशो 9, कंपनीपेक्षा बरा" म्हणत खूश होतो. त्या इंजिनात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत गेज लावा. आकडा उसळला तर रिंगा गेल्या.

रेशो हवा असेल तर मोजावं लागतं. जुन्या मारुती 800 चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 68.5 मिमी; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, 72 मिमी. एका सिलिंडरचे 265.3 सीसी. वर उरलेली जागा, म्हणजे चेंबर (हेडमधला खळगा), हेडखालच्या गॅस्केटची जाडी आणि पिस्टनवरचा खड्डा मिळून, समजा 34.5 सीसी. दोन्हींची बेरीज करून 34.5 ने भागा: 8.69. बेरीज विसरून नुसतं 265.3 ला भागलं तर 7.69 येतं, अख्ख्या एकाने कमी.

आता अर्धा मिमी बोअर मारला: 269.2 सीसी, रेशो 8.8. फरक किरकोळ. पण हेड घासून वरची जागा 33 सीसीवर आली, तर 9.16. बोअरची चर्चा सगळे करतात, रेशो मात्र हेडने जास्त हलतो.

किती घासलं यावरून सीसी काढू नका, चेंबरचं तोंड बोअरएवढं रुंद असेलच असं नाही. हेड उलटं ठेवा, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवा, कडेला ग्रीस लावून भोक पाडलेली अ‍ॅक्रेलिकची प्लेट चिकटवा आणि ब्युरेटने (मापाच्या काचनळीने) रॉकेल भरा; जेवढं मावलं तेवढे चेंबरचे सीसी. ब्युरेट नसेल तर इंजेक्शनची मोठी सिरिंज चालेल.