वार (पंजाबी वीरकाव्य)

वार हा पंजाबी भाषेतील गेय वीरकाव्याचा प्रकार आहे. मराठीत ‘वार’ म्हटले की घाव किंवा आठवड्याचा दिवस आठवतो. पंजाबीत मात्र ‘वार’ म्हणजे लढाईची आणि लढवय्याची गाथा. तिच्या कडव्याला ‘पउडी’, म्हणजे पायरी म्हणतात. ती गाणारे ‘ढाढी’, आणि त्यांची वाद्ये ढड्ड व सारंगी. ढड्ड हे डमरूच्या घाटाचे छोटे चर्मवाद्य आहे. ते एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवतात.

शीख परंपरेच्या आधीपासून पंजाबच्या गावोगावी वारी गाइल्या जात होत्या. त्यांत राजांची भांडणे होती, टोळ्यांची वैरे होती. गुरु नानकांनी हा रणातला साचा उचलला आणि भक्तीसाठी वापरला. त्यांनी स्वतःला ईश्वराचा ढाढी म्हणवून घेतले आहे. सरदाराची स्तुती गाऊन पोट भरणाऱ्याचे नाव संतकवीने आपणहून घ्यावे, ही गोष्ट मोठी आहे. गुरु ग्रंथसाहिबात एकूण 22 वारी आहेत. त्यांपैकी 21 गुरूंच्या असून एक सत्ता आणि बलवंड या गायकांची आहे. यांतील 9 वारींच्या मथळ्याला ती कोणत्या जुन्या वीरगाथेच्या चालीवर म्हणायची हे लिहिलेले आहे. पहाटे गुरुद्वाऱ्यांत गाइली जाणारी ‘आसा दी वार’ हात तोडल्या गेलेल्या असराज राजाच्या गाथेच्या धुनीवर आहे. त्या गाथा लोकांच्या तोंडून जवळजवळ गेल्या, पण चालींची नावे पवित्र ग्रंथात राहिली.

पाचवे गुरु अर्जनदेव यांचा 1606 मध्ये लाहोर येथे मोगल कैदेत अंत झाला आणि वार पुन्हा रणाकडे वळली. त्यांचे पुत्र आणि सहावे गुरु हरगोबिंद यांनी मीरी आणि पीरी, म्हणजे ऐहिक व आध्यात्मिक सत्तेच्या, अशा दोन तलवारी धारण केल्या. अमृतसरला त्यांनी अकाल तख्त उभारले आणि त्यासमोर ढाढींना वारी गायला बसवले. परंपरेने सांगितलेले पहिले दोन ढाढी म्हणजे नत्था आणि अब्दुल्ला. दुसरे नाव मुसलमान गायकाचे आहे, हे शीख वीरकाव्याचा विचार करताना विसरता येत नाही.

या काव्याचे शिखर म्हणजे गुरु गोविंदसिंहांच्या नावावरची, दशम ग्रंथ या त्यांच्या नावावरच्या संग्रहातील ‘चंडी दी वार’. दुर्गा आणि दैत्य यांच्या युद्धाची ही कथा 55 पउड्यांची आहे. तिचा बराचसा भाग ‘सिरखंडी’ छंदात आहे. त्यात यमक ओळीच्या टोकाला न जुळता मध्येच जुळते, त्यामुळे ओळ ठेचाळत, आदळत पुढे जाते. नगाऱ्यावर टिपरू पडल्याचा भास त्यातूनच होतो. दशम ग्रंथातील कोणत्या रचना गुरूंच्या स्वतःच्या, यावर अभ्यासकांत वाद आहे. तरीही या वारीची पहिली पउडी आज प्रत्येक अरदासच्या, म्हणजे शिखांच्या सामूहिक प्रार्थनेच्या, आरंभी म्हटली जाते. तिच्यात भगौतीचे (तलवारीच्या रूपातील दैवी शक्तीचे) स्मरण करून पहिल्या नऊ गुरूंची नावे येतात.

त्याच ग्रंथातील ‘बचित्तर नाटक’ ब्रज भाषेत आहे आणि रचनेने वार नाही, पण रणकाव्य म्हणून ते वाचलेच पाहिजे. पाँवटा साहिबजवळ भंगाणी येथे 1688 मध्ये पहाडी राजांशी लढाई झाली. तिचे वर्णन या नाटकात गुरूंच्या तोंडून, प्रथमपुरुषी आहे. हरिचंद हा शत्रूकडचा वीर. त्याचा एक बाण घोड्याला लागतो, दुसरा कानाजवळून निसटतो, तिसरा कमरपट्टा भेदतो. त्यानंतर गुरूंच्या बाणाने तो पडतो. मारणारा कवी मेलेल्याच्या नेमबाजीला पूर्ण मान देतो. असा मोकळेपणा वीरकाव्यात फार कमी भेटतो.

जंगनामा, म्हणजे युद्धाची काव्यकथा, हा वारीचा जवळचा नातलग. शाह मुहंमद या मुसलमान कवीने 1845–46 च्या पहिल्या इंग्रज-शीख युद्धावर लिहिलेला जंगनामा पराभवाचा आहे. मुदकी, फेरोजशहर आणि सबराओं येथे खालसा फौज, म्हणजे शीख राज्याचे सैन्य, जिवावर उदार होऊन लढली. श्यामसिंह अटारीवाले सबराओंला धारातीर्थी पडले. जिंकत आलेल्या फौजा एका सरकारावाचून अखेर हरल्या, असे कवी म्हणतो. ‘सरकार’ म्हणजे 1839 मध्ये वारलेले महाराजा रणजितसिंह.

मराठी वाचकाला येथे पोवाडा आठवणे साहजिक आहे. अफजलखानवधावर अज्ञानदासाने केलेला पोवाडा आणि ढाढींच्या वारी यांचे काम सारखेच: ऐकणाऱ्याला त्या रणात नेऊन उभे करणे. प्रत्यक्ष दुवा मात्र नांदेडचा आहे. गुरु गोविंदसिंह 1708 मध्ये तेथेच निवर्तले आणि त्यांचा शिष्य, शीख सेनानी बंदासिंह बहादूर तेथूनच पंजाबकडे निघाला. नांदेडच्या हजूर साहिबमध्ये आजही गुरु ग्रंथसाहिबासोबत दशम ग्रंथाचाही प्रकाश होतो, म्हणजे तो विधिपूर्वक उघडून ठेवला जातो.

आजच्या ढाढी जत्थ्यात, म्हणजे गायकांच्या संचात, साधारण चौघे असतात: दोघे ढड्ड वाजवत गाणारे, एक सारंगीवाला आणि एक प्रसंग सांगणारा. चमकौरच्या गढीतली लढाई किंवा मुक्तसरचे चाळीस मुक्ते (तेथे लढून मेलेले चाळीस शीख) अशा प्रसंगांवर निवेदक कथा रंगवत नेतो. कथा ऐन टोकाला आली की गाणारे उंच पट्टीत पउडी उचलतात आणि ‘बोले सो निहाल’ला समोरून ‘सत श्री अकाल’ असा गजर उठतो.