फोनवरचं माहजाँग आणि टेबलावरचं माहजाँग: सोंगट्या त्याच, खेळ वेगळाच

माहजाँग येतं का असं विचारलं की बरेच जण पटकन हो म्हणतात, आणि थोडं बोलल्यावर कळतं की त्यांच्या डोक्यात फोनवरचा तो गेम आहे, कासवाच्या आकारात रचलेला टाइल्सचा ढीग, दोन सारख्या टाइल शोधायच्या, टॅप करायचं, गायब. त्या गेमचं पूर्ण नाव माहजाँग सॉलिटेअर. चीन, हाँगकाँग, जपानमध्ये चार जण टेबलाभोवती बसून तासन्‌तास जे खेळतात ते माहजाँग वेगळं, आणि या दोघांत सारखं काय तर फक्त सोंगट्या. चार जणांचं माहजाँग शिकायला बसलेल्या लोकांचा गोंधळ मुख्यतः इथेच होतो, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून सांगतो.

चार जणांचा खेळ चीनमध्ये एकोणिसाव्या शतकात तयार झाला, १९२०च्या दशकात अमेरिकेत त्याची जबरदस्त क्रेझ आली. सॉलिटेअर मात्र कॉम्प्युटरवरच जन्मलं. ब्रोडी लॉकार्ड नावाच्या अमेरिकन माणसाने १९८१ साली ते प्लेटो नावाच्या सिस्टिमवर लिहिलं. जिम्नॅस्टिक्स करताना मानेला इजा होऊन तो अपंग झाला होता आणि तोंडात काठी धरून एकेक की दाबून त्याने हा प्रोग्राम लिहिला, हे कळल्यापासून मला त्या गेमबद्दल आदरच वाटतो. १९८६ला अ‍ॅक्टिव्हिजनने तो 'शांघाय' नावाने बाजारात आणला, पुढे विंडोज व्हिस्टामध्ये 'माहजाँग टायटन्स' आला आणि घराघरात पोचला. म्हणजे आपल्यापैकी अनेकांनी आधी नक्कल पाहिली आणि मूळ खेळ नंतर ऐकला.

सोंगट्या बघू. पूर्ण सेट १४४चा. तीन रंग: वर्तुळं, बांबू आणि चिनी अक्षरं, प्रत्येकात १ ते ९, आणि प्रत्येक सोंगटी चार वेळा, झाल्या १०८. मग चार दिशांचे वारे आणि लाल, हिरवा, पांढरा असे तीन ड्रॅगन, हेही चार-चार, म्हणजे २८. उरलेल्या ८ म्हणजे चार फुलं आणि चार ऋतू. बांबूच्या एक्क्यावर बांबू नसतो, पक्षी असतो, नवीन माणूस तिथे हमखास अडखळतो. ही सगळी ओळख फोनवर खेळून आपोआप होते, तेवढा त्याचा फायदा नक्की आहे.

सॉलिटेअरचा नियम दोन ओळींत संपतो. जिच्या डोक्यावर काही नाही आणि डावी किंवा उजवी बाजू मोकळी आहे अशीच टाइल उचलता येते, सारखी जोडी मिळाली की दोन्ही काढायच्या, सगळा ढीग संपला की जिंकलात. समोर कुणी नाही, टर्न नाही, कुणाकडे काय आहे याचा अंदाज नाही.

टेबलावर ज्याला रमी येते तो लवकर तयार होतो, कारण आपल्या तेरा पानी रमीसारख्याच इथे हातात १३ सोंगट्या असतात, भिंतीतून, म्हणजे टेबलावर पालथ्या रचून ठेवलेल्या सोंगट्यांच्या रांगेतून, एक ओढायची, एक टाकायची. चौदावी सोंगटी आली आणि हातात चार सेट अधिक एक जोडी बसली की डाव लागला. सेट दोन प्रकारचे, एकाच रंगातल्या ओळीने तीन (४-५-६ बांबू), याला चाउ म्हणतात, आणि तीन अगदी सारख्या, याला पंग. चार सारख्या झाल्या आणि जाहीर केल्या तर काँग, तो एकच सेट धरतात आणि एक सोंगटी कमी पडते म्हणून भिंतीच्या मागच्या टोकाची जास्तीची घ्यायची.

पण रमीवाल्यांनी इथे सावध राहायचं. रमीत वेगवेगळ्या रंगांच्या तीन पंज्या चालतात, माहजाँगमध्ये वर्तुळ ५, बांबू ५, अक्षर ५ हा सेट नाही, रंगही तोच हवा. सिक्वेन्स तीनचाच, चारचा नाही. वाऱ्यांचा आणि ड्रॅगनचा सिक्वेन्स होतच नाही. आणि सगळ्यात मोठा फरक टाकलेल्या सोंगटीचा: चाउसाठी फक्त तुमच्या डावीकडच्या, म्हणजे तुमच्या आधी खेळणाऱ्या भिडूने टाकलेलीच घेता येते, पण पंग करायचा असेल तर तिघांपैकी कुणाचीही घेता येते, मधल्यांचा टर्न उडतो. एकाच सोंगटीवर चाउ आणि पंग दोन्ही पुकारले तर पंग जिंकतो, आणि तिच्यावर कुणाचा डाव लागत असेल तर तो सगळ्यांच्या वर. उचललेली सोंगटी गुपचूप हातात लपवता येत नाही, सेट टेबलावर उघडा ठेवावा लागतो आणि मग तो मोडता येत नाही.

एक हात बघा. बांबू २-३-४, वर्तुळ ५-५-५, लाल ड्रॅगन तीन, पूर्व वारा दोन, अक्षर ७ आणि ८. मोजा, तेरा. आता अक्षर ६ किंवा ९ हवी. समोरच्याने ९ टाकली, तो डावीकडचा नाही, तरी घ्या, कारण डाव पूर्ण करताना चाउची अट राहत नाही. फोनच्या सवयीने खेळणारा मात्र याच हातात सुरुवातीपासून जोड्या जपत बसतो, आणि ७-८ची जोडगोळी त्याला बिनकामाची वाटून तो ती फोडून टाकतो. इथे जोडी एकच लागते, बाकी जोड्या म्हणजे पंगची आशा, आणि त्यातल्या चारपैकी एखादी दुसऱ्याच्या हातात अडकली की ती आशा अर्धी संपते. उलट ७-८ला आठ सोंगट्या वाट बघतायत, चार ६ आणि चार ९. (जपानी नियमांत सात जोड्यांचा हातही जिंकतो, पण तो खास अपवाद म्हणून शिका, सवय म्हणून नको.)

फुलं आणि ऋतूंचं तर दोन्हीकडे अगदी वेगळं. सॉलिटेअरमध्ये कुठलंही फूल दुसऱ्या कुठल्याही फुलाशी जुळतं, ऋतूंचंही तसंच. टेबलावर फूल आलं की ते हातात ठेवायचंच नाही, बाजूला मांडायचं, बदली सोंगटी घ्यायची, ते बोनसला धरतात. जपानी प्रकारात सहसा फुलं नसतातच, १३६ सोंगट्यांवर खेळतात.

हो, प्रकार बरेच आहेत, आणि सुरू करायच्या आधी कोणता खेळतोय ते ठरवून घ्या. वरचा हात घ्या. ड्रॅगनच्या पंगमुळे जपानी टेबलावर तो चालतो, पण हाँगकाँगच्या अनेक टेबलांवर डाव लागायला किमान तीन फान (हाताची किंमत मोजायचे गुण) लागतात आणि ड्रॅगनचा पंग एकच फान देतो, म्हणजे दुसरीकडून फान मिळत नसतील तर हात पूर्ण असूनही डाव जाहीर करता येत नाही. अमेरिकन प्रकारात तर जोकर असतात आणि दरवर्षी बदलणाऱ्या छापील कार्डावरचेच हात चालतात, तो सुरुवातीला घेऊच नका.

एकट्याने सराव करायचा असेल तर अ‍ॅप स्टोअरमध्ये नुसतं माहजाँग टाकलंत तर पहिल्या पानभर सॉलिटेअरच येईल, त्यामुळे जपानी प्रकारासाठी सरळ माहजाँग सोल किंवा तेनहोऊ शोधा. आर्मी-नेव्हीच्या अधिकाऱ्यांच्या घरांत हा खेळ बऱ्यापैकी खेळला जातो, ओळखीत तसं कुणी असेल तर त्यांच्या शेजारी बसून एक संध्याकाळ नुसतं बघा. आणि चार जण जमलेच तर पहिले काही डाव पॉइंट, फान काहीही न मोजता, सगळ्यांच्या सोंगट्या उघड्या ठेवून खेळा, आणि प्रत्येकाने टाकण्याआधी ही का टाकतोय ते मोठ्याने सांगा.