दोन वाद्यं आणि तिसरा सूर

मंचावर दोन खुर्च्या आणि दोन स्टँड. पियानो होता, पण कापड पांघरून कोपऱ्यात लोटलेला. व्हायोलिन आणि चेलो, बस्स. व्हायोलिन वाजवणाऱ्या बाईंनी आपल्या चारही तारा जुळवल्या, चेलोवाल्यानेही जुळवल्या, दोघांनी एकमेकांचा ‘ए’ पडताळून पाहिला. सगळं झालं असं वाटत असतानाच चेलोवाल्याने आपली सगळ्यात जाड तार पुन्हा एकदा छेडली आणि खुंटी केसभर वर चढवली. माझ्या शेजारी बसलेल्या काकांना ते रुचलं नाही. “लागली होती की चांगली! मग परत कशाला पिळतोय?” ते पुटपुटले.

काकांचा कान बरोबर होता. तार लागलेलीच होती. त्या माणसाने ती जाणूनबुजून किंचित बिघडवली.

हे समजायला थोडं गणित लागतं, पण ते तंबोरा जुळवणाऱ्याला ठाऊक असलेलंच गणित आहे. व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो यांच्या शेजारशेजारच्या तारांमध्ये षड्ज-पंचम भाव असतो, म्हणजे कंपनांचं प्रमाण २:३. चेलोच्या तारा खालून वर सी, जी, डी, ए. व्हायोलिनच्या जी, डी, ए, ई. आता व्हायोलिनचा ‘ए’ सेकंदाला ४४० कंपनांवर आणि चेलोचा ‘ए’ त्याच्या एक सप्तक खाली, २२० वर धरून सगळे पंचम अगदी शुद्ध लावा. व्हायोलिनची सगळ्यात वरची ‘ई’ येते ६६० वर. चेलोची सगळ्यात खालची ‘सी’ येते ६५.१९ वर. त्या ‘सी’च्या पोटात तिचे उपस्वरही वाजत असतात: दुप्पट, तिप्पट, चौपट अशी कंपनं असलेले. पाचव्या आणि दहाव्या उपस्वरात तिचा शुद्ध गंधार असतो. म्हणजे पाश्चात्त्य नावाने ‘ई’च. दहावा उपस्वर ६५१.९.

एकीकडे ६६०, दुसरीकडे ६५१.९. दोघंही ‘ई’, दोघंही नियमाने लावलेले, आणि तरी दोन्ही मोकळ्या तारा एकत्र वाजवल्या तर सेकंदाला आठ वेळा आवाज कमीजास्त होत राहतो. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात याला विस्पंद म्हणतात; तंबोरा जुळवताना सूर जवळ येतो तेव्हा जे हेलकावे ऐकू येतात, तेच हे. चार पंचम चढून मिळालेला गंधार आणि उपस्वरातून आपोआप मिळालेला गंधार यांच्यात ८१:८० चा फरक पडतो, साधारण अर्ध्या स्वराचा पाचवा हिस्सा. आपल्याकडचे श्रुतींचे, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांचे, बरेच अभ्यासक याच फरकाला प्रमाणश्रुती म्हणतात. चेलोवाल्याने ‘सी’ ६५.४ पर्यंत चढवली की हेलकावे आठावरून सहावर येतात. पूर्ण जात नाहीत, पण टोचणं कमी होतं. उरलेलं व्हायोलिनवाल्या बाई निस्तरतात: जमेल तिथे मोकळी ‘ई’ वाजवायचीच नाही, तो स्वर शेजारच्या तारेवर बोट ठेवून काढायचा. बोट सरकवता येतं, मोकळी तार सरकत नाही.

पियानो साथीला असता तर हा प्रश्न एका अर्थी मिटला असता, कारण पियानो कुणाचंच ऐकत नाही. त्याचे सूर ठोकून बसवलेले. सगळ्यांनी त्याच्याकडे यायचं. आपल्या पेटीचंही तेच. तिच्यावरचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा चढा असतो, हे तंबोऱ्यासमोर पेटी घेऊन बसलेल्या कुणालाही कळतं. तंबोऱ्याचा खर्ज नीट जुळला की त्यातून जो गंधार आपसूक उमटतो, तोच वरचा पाचवा उपस्वर. आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. या चढ्या गंधाराने अस्वस्थ झालेल्यांमध्ये सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल होते. निवृत्त डेप्युटी कलेक्टर असलेल्या देवलांनी १९१० च्या सुमारास बावीस श्रुतींचा हिशेब मांडला, आणि क्लेमंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची वेगळी पेटी घडवण्यापर्यंत मजल गेली. ती पेटी मैफिलीत रुळली नाही. इतकी बटणं सांभाळत गाणाऱ्याच्या मागे धावायचं म्हणजे चेष्टा नव्हे.

गजाच्या वाद्यांना मात्र तो हिशेब बोटाने करता येतो. आणि त्यांचे हेलकावे इतके स्पष्ट ऐकू येतात, याचं कारण गजात आहे.

गज म्हणजे घोड्याच्या शेपटीचे केस, त्यांवर राळ चोळलेली. राळेचा गुण असा, की तार थांबलेली असताना ती घट्ट धरते आणि एकदा निसटली की सहज घसरू देते. गज तारेला चिकटवून ओढत नेतो, तार निसटून मागे येते, पुन्हा पकडली जाते. ४४० च्या स्वरासाठी हे सेकंदाला ४४० वेळा. उघड्या डोळ्यांना गजाखालची तार मध्ये फुगीर, टोकांना निमुळती अशी धूसर पट्टी दिसते. वाटतं, अख्खी तार मागेपुढे झुलतेय. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने तारेवर पिठुळाचा एक कण चिकटवला आणि कंप पावणाऱ्या भिंगातून त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा भलतंच निघालं. तार कोणत्याही क्षणी दोन सरळ तुकड्यांची असते, आणि त्या दोन तुकड्यांमधला कोपरा तारेवरून गरागरा फेऱ्या मारत असतो. कोपरा गजाखालून गेला की तार निसटते, परत आला की पकडली जाते. म्हणजे कधी सोडायचं आणि कधी धरायचं, हे तो कोपराच ठरवतो.

हेल्महोल्ट्झचं पुस्तक १८६३ चं. पुढे १९१८ मध्ये या गतीचं सविस्तर गणित मांडलं ते कोलकात्यातल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. प्रकाशासाठी नोबेल मिळालेले तेच रामन. त्याआधी बरीच वर्षं ते तंतुवाद्यांत रमले होते. हाताने गज मारला तर जोर आणि वेग सारखा राहत नाही, म्हणून त्यांनी एक यंत्र केलं. त्यात गज जागच्या जागी आणि व्हायोलिनच मागेपुढे सरकायचं! ही कल्पना मला फार आवडते.

फेऱ्या मारणाऱ्या या कोपऱ्यामुळे प्रत्येक कंपन आधीच्या कंपनाची हुबेहूब नक्कल होतं, आणि त्यामुळे तारेचे उपस्वर नेमके दुप्पट, तिप्पट, चौपट राहतात. पियानोची तार एकदा हातोडा बसला की मोकळी सुटते; ती जाड, ताठ पोलादाची, त्यामुळे तिचे उपस्वर थोडे वर पळतात. गजाच्या तारेला तशी पळवाट नाही. दोन वाद्यांचे उपस्वर एकतर चपखल बसतात, नाहीतर उघडे पडतात. चौघांच्या किंवा वीसजणांच्या ताफ्यात थोडंफार खपून जातं. दोघांत काहीच लपत नाही.

त्या संध्याकाळी फ्रेंच संगीतकार रावेलची सोनाटा होती. पहिला भाग १९२० चा, दोन वर्षांपूर्वी वारलेल्या देब्युसी या संगीतकाराच्या स्मरणार्थ लिहिलेला. पूर्ण चार भागांची रचना पॅरिसमध्ये एप्रिल १९२२ मध्ये पहिल्यांदा वाजली. सुरुवातीलाच व्हायोलिन एकटं एक आकृती घोळवत राहतं, आणि तिच्यात कधी कोमल गंधार, कधी शुद्ध. जोग राग ऐकलेल्या कानाला दोन गंधारांची ही ये-जा परकी वाटत नाही. वाजवणाऱ्याची मात्र परीक्षा असते, कारण त्या दोन्ही गंधारांना टेकू द्यायला चेलोखेरीज कुणी नाही.

अशा वेळी वादकांच्या मदतीला तिसरा एक सूर येतो. तो कुणीच वाजवत नाही.

१७१४ मध्ये इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अँकोना गावात जुझेप्पे तार्तिनी नावाचा बावीस वर्षांचा तरुण व्हायोलिनवर दोन तारा एकदम वाजवत होता. दोन्ही स्वर खणखणीत आणि शुद्ध लागले की त्याला खाली कुठेतरी तिसरा, घुमणारा स्वर ऐकू येई. त्याने त्याचं नाव तिसरा सूर असंच ठेवलं आणि १७५४ मध्ये पाडुआहून छापलेल्या ग्रंथात त्याची मांडणी केली. (तो सूर नेमका कुठल्या सप्तकातला, हे सांगताना त्याची एका सप्तकाची चूक झाली आणि नंतर त्याने ती सुधारली. कानाला सप्तक चकवतं, हे गाणाऱ्यांना सांगायला नको.) शिष्यांना तो हा सूर कसोटी म्हणून देई: तिसरा ऐकू आला नाही, तर तुमचे दोन बरोबर लागलेले नाहीत.

ही कसोटी किती कडक आहे, ते पाहू. एकाने ४४० चा ‘ए’ धरला, दुसऱ्याने त्याचा शुद्ध गंधार, म्हणजे ५५० वाजवला. दोघांची वजाबाकी ११०. हा तिसरा सूर, धरलेल्या ‘ए’च्या बरोबर दोन सप्तकं खालचा षड्ज. आता दुसऱ्याने पियानोच्या मापाचा गंधार वाजवला, ५५४.४. वरचा स्वर अर्ध्या स्वराच्या जेमतेम सातव्या भागाने चढला. सरावाचा कान नसेल तर कळणारही नाही. पण वजाबाकी झाली ११४.४, आणि खालचा षड्ज चढला तब्बल दोन तृतीयांश अर्धस्वर. ते कुणालाही टोचतं. व्हायोलिनच्या तारेची मोकळी लांबी साधारण ३२८ मिलिमीटर. तिच्यावर या दोन गंधारांच्या जागांत अंतर आहे दोन मिलिमीटर. बोट न उचलता त्याचं टोक जरा कलतं केलं की झालं. पुढच्या वेळी दोघं लांब स्वर धरून बसले असतील तेव्हा डाव्या हाताच्या त्या बोटाकडे बघा. ते सुरात शिरताना दिसतं.

पण हा तिसरा सूर असतो कुठे? एकाच व्हायोलिनवर दोन तारा वाजवल्या तर थोडाफार तो वाद्यातच तयार होतो, असं अलीकडे इटलीतल्या संशोधकांनी मोजून दाखवलं आहे. जुन्या, चांगल्या वाद्यांत तो जास्त. दोन माणसं दोन वाद्यं घेऊन बसली की ती वाटही बंद होते. मैफिलीतल्या आवाजाच्या लाटा हवेत एकमेकींतून आरपार जातात, नवा स्वर काही जन्माला येत नाही. म्हणजे तो सूर सभागृहात नसतोच. प्रत्येक श्रोत्याच्या कानात तो वेगळा तयार होतो.

आपल्या आतल्या कानात, गोगलगाईच्या शंखासारख्या एका नळीत, केसाळ पेशींच्या रांगा असतात. आतली एक रांग ऐकते. बाहेरच्या तीन रांगांमधल्या सुमारे बारा हजार पेशी मात्र आवाज आला की स्वतः आखडतात आणि लांबतात, आणि हलक्या आवाजाला जोर देतात. कान असा स्वतः काम करणारा असला पाहिजे, असं टॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्येच म्हटलं होतं; कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९७८ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी कानात बारीक मायक्रोफोन ठेवला आणि कानातून बाहेर येणारा आवाज टिपला. कान आवाज काढतो! या पेशींचं जोर देणं सरळ पटीत नसतं, त्यात थोडा वाकडेपणा असतो. दोन सूर एकदम आले की त्या वाकडेपणातून तिसरा, चौथा सूर निपजतो. तार्तिनीची वजाबाकी त्यातली एक. दुसरी म्हणजे खालच्या स्वराची दुप्पट उणे वरचा स्वर. ४४० आणि ५५० च्या जोडीत ही दुसरी येते ३३०: त्या ‘ए’च्या खालचा पंचम. शुद्ध गंधार लागला की कान आपल्या पदरचे षड्ज-पंचम घालून जोडीला भरणा देतो.

घरी करून पाहायचं असेल तर दोन मोबाइल घ्या, दोन्हींवर सूर काढणारं ॲप. एकावर १००० हर्ट्झ (सेकंदाला १००० कंपनं) ठेवा, दुसऱ्यावर १२०० पासून हळूहळू १३०० पर्यंत चढवा. एकाच मोबाइलवर दोन्ही सूर वाजवू नका, नाहीतर त्याचा स्वस्तातला स्पीकरच तिसरा सूर तयार करेल आणि श्रेय तुमच्या कानाला मिळेल. आवाज जरा मोठा लागतो, पण कानाशी नेऊ नका. चढणाऱ्या सुराबरोबर एक सूर खाली उतरताना ऐकू आला, तर तो दुसऱ्या वजाबाकीचा: ८०० वरून ७०० कडे.

ही दुसरी वजाबाकी मी पहिल्यांदा पाहिली ती मैफिलीत नाही, हॉस्पिटलमध्ये. भाचीच्या दोन दिवसांच्या बाळाची श्रवणचाचणी होती. तपासणाऱ्या ताईंनी खोलीतल्या सगळ्यांना गप्प केलं, पंखा बंद केला, आणि बाळाच्या कानात मऊ रबराचं एक बोंडूक बसवलं. त्यात दोन इवले स्पीकर आणि एक मायक्रोफोन. दोन स्पीकर दोन सूर वाजवतात. प्रमाण साधारण १.२२, म्हणजे कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधलं. मायक्रोफोन त्या दोघांना सोडून तिसऱ्याची वाट बघतो. पडद्यावर दोन उंच काठ्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डावीकडे, खालच्या सुराच्या जागी, एक बुटकी काठी. बाळाच्या कानातल्या पेशी कामाला लागल्या होत्या.

“झालं,” ताई म्हणाल्या, “आता दुसरा कान.” बाळ झोपलेलंच होतं.