हायपरटेक्स्ट (उगम व आरंभीचा इतिहास)

मजकुरातील एका जागेवरून दुसऱ्या संबंधित मजकुराकडे थेट जाता येईल अशी, दुव्यांनी बांधलेली लेखनरचना. ही संज्ञा अमेरिकेतील टेड नेल्सन यांची. ती छापील स्वरूपात १९६५ पासून आढळते. त्यांच्या मनात ती त्याआधी काही काळ घोळत असावी. कागदावर सोयीने मांडता येणार नाही इतका परस्परांत गुंतलेला मजकूर वा चित्रे, असा अर्थ त्यांनी त्या वर्षीच्या निबंधात दिला.

कल्पनेच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. रूढ मतानुसार हा मान अमेरिकन अभियंते व्हॅनिव्हर बुश यांच्याकडे जातो. जुलै १९४५ मध्ये 'द अटलांटिक मन्थली'त त्यांनी 'मेमेक्स' या काल्पनिक यंत्राचे वर्णन केले : मेजात साठवलेल्या मायक्रोफिल्म (मजकुराची अतिसूक्ष्म छायाचित्रे असलेल्या फिती), वर दोन तिरके पडदे. शेजारी शेजारी आणलेल्या दोन नोंदी एक कळ दाबून कायमच्या जोडायच्या. धर्मयुद्धांत आखूड तुर्की धनुष्य इंग्लिश लांब धनुष्यापेक्षा सरस का ठरले, याचा शोध घेणाऱ्या वाचकाची, अशा जोडलेल्या नोंदींतून जाणारी वाट बुश यांनी उदाहरणादाखल आखून दाखवली आहे. हे यंत्र प्रत्यक्षात बनले नाही.

काही अभ्यासक संशोधक एमानुएल गोल्डबर्ग यांच्याकडे बोट दाखवतात. मायक्रोफिल्मवरील नोंदी प्रकाशविद्युत घटाच्या (प्रकाश टिपून वीज-संकेत देणाऱ्या साधनाच्या) साहाय्याने हुडकणाऱ्या त्यांच्या यंत्राला १९३१ मध्ये अमेरिकन पेटंट मिळाले होते. पण ते यंत्र शोधते, जोडत नाही. बेल्जियमचे ग्रंथसूचीकार पॉल ओत्ले यांचा दावा अधिक वजनदार आहे. ब्रुसेल्समध्ये त्यांनी व आंरी ला फोंतेन यांनी एक कोटीहून अधिक नोंदपत्रे जमवली. त्यांच्या दशांश वर्गीकरणात अपूर्णविरामाने दोन विषय जोडले जात : १७ नीतिशास्त्र, ७ कला, म्हणून १७:७ म्हणजे कलेच्या संदर्भातील नीतिशास्त्र. ग्रंथपालाने घातलेला हा एक प्रकारचा दुवाच. मात्र तो विषयांमधला. वाचकाने स्वतः पाडलेली वाट प्रथम बुश यांच्याकडेच स्पष्ट दिसते, आणि नेल्सन व अमेरिकन संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट हे दोघेही त्यांचेच ऋण मानतात. त्यामुळे रूढ मत अधिक ग्राह्य वाटते.

१९६७ च्या सुमारास ब्राउन विद्यापीठात नेल्सन व आंद्रिस व्हॅन डॅम यांच्या सहकार्याने हायपरटेक्स्टची चालती प्रणाली तयार झाली. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी माउससह आपली प्रणाली दाखवली. नकाशावरील 'लायब्ररी' या शब्दाकडे निर्देश करताच तिथले काम पडद्यावर आले : मुदत उलटलेली पुस्तके.

नेल्सन यांना दोन्ही बाजूंनी जाता येणारे दुवे हवे होते. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या युरोपीय भौतिकी संशोधन केंद्रात प्रस्ताव मांडून पुढे उभारलेल्या वर्ल्ड वाइड वेबमध्ये दुवा एकाच दिशेने जातो.